पदवी मिळेल, पण मोकळीक?

पत्र थोडक्यात: पत्रलेखिका नाशिकमधल्या एका खासगी सीबीएसई शाळेत सहावी ते आठवीला विज्ञान शिकवतात. वय 37, शिक्षण बी.एस्सी. बी.एड., अनुभव अकरा वर्षांचा. शिकवायला मनापासून आवडतं, पण पोर्शन संपवणं, वर्कशीट भरून घेणं आणि वरून आलेले लेसन प्लॅन उतरवून काढणं याचा त्यांना वीट आलाय. गेल्या पावसाळ्यात त्यांनी पाण्यावरचा धडा ठरलेल्या वेळेच्या दोन महिने आधी घेतला, तर ‘सगळ्या तुकड्या एकाच धड्यावर हव्यात’ म्हणून समज मिळाली. आता शाळेत ॲकॅडमिक कोऑर्डिनेटरची जागा निघणार आहे. पगारात तीन-चार हजारांची वाढ होईल असं बोललं जातंय आणि मुख्याध्यापिका म्हणाल्या आहेत, ‘मास्टर्स असेल तर विचार करू.’ एका सल्लागाराने अमेरिकेतल्या एका विद्यापीठाची ‘करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन’ (अभ्यासक्रम आणि अध्यापन) विषयातली ऑनलाइन मास्टर्स सुचवली आहे. मुदत दीड वर्ष, खर्च साधारण दहा लाख, आणि ‘आठवड्याला चार-पाच तास दिले की झालं’ असं आश्वासन. मिस्टर म्हणतात, मुलगा आठवीत आहे, पुढे त्याच्याच शिक्षणाला पैसे लागतील. सासूबाई म्हणतात, शिक. लेखिका विचारतात, ‘आता नाही केलं तर कधीच होणार नाही असं वाटतं. कर्ज काढून करू, की हा हट्ट सोडून देऊ?’

प्रिय मैत्रीण,

आधी त्या पाण्याच्या धड्याबद्दल बोलू. पत्रात तुम्ही तो दोन ओळींत उरकलात, पण मला तुमचा खरा प्रश्न तिथेच दिसतो. गंगापूर धरणातून विसर्ग सुरू होता, गोदावरीचं पाणी नदीतल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीच्या कुठवर आलं यावर मुलं मधल्या सुट्टीत वाद घालत होती, आणि तुम्हाला वाटलं की हा धडा आत्ता घ्यायला हवा. सप्टेंबरअखेर पात्र ओसरल्यावर तोच धडा घेतला असता तर पुस्तकातलं चित्र दाखवून भागवावं लागलं असतं. तुम्ही मुलांना दोन आठवडे रोजचे विसर्गाचे आकडे वर्तमानपत्रातून टिपायला लावलेत, त्यांचा आलेख काढून घेतलात. काय शिकवायचं, केव्हा, कशाच्या आधाराने आणि कोणत्या क्रमाने, हे तुम्ही ठरवलंत. अभ्यासक्रमाचं काम म्हणतात ते हेच.

अमेरिकन शिक्षणतज्ज्ञ राल्फ टायलर यांनी 1949 साली अभ्यासक्रम रचणाऱ्यापुढे चार प्रश्न ठेवले. शाळेने कोणती उद्दिष्टं गाठायची? त्यासाठी मुलांना कोणते अनुभव द्यायचे? ते अनुभव कसे जुळवायचे? आणि उद्दिष्टं गाठली गेली हे कसं ओळखायचं? तुम्हाला सुचवलेल्या पदवीत हे प्रश्न पहिल्याच सत्रात भेटतील, आणि त्यांच्यावरची टीकाही भेटेल, की उद्दिष्टं ठरवण्याचा हक्क मुळात कोणाला हे टायलर पुरेसं विचारत नाहीत. तुमच्या धड्यात पहिल्या तीन प्रश्नांची उत्तरं आहेत. चौथ्याचं पत्रात दिसत नाही. आलेख काढल्यावर मुलांना काय कळलं आणि काय निसटलं, हे तुम्ही कशावरून ठरवलंत? शिकण्यासारखं बरंच काही इथे आहे आणि तुमची शिकण्याची ओढ खरी आहे, याबद्दल मला शंका नाही.

पण समज मिळाली ती तुमच्याकडे मास्टर्स नव्हती म्हणून मिळाली का? पीएच.डी. असलेल्या बाईंनी धडा पुढेमागे केला असता तरी त्या शाळेत हेच ऐकून घ्यावं लागलं असतं. तुम्हाला अडवलं ते शाळेच्या पद्धतीने. पदवी हातात आली की वर्गात आपोआप मोकळीक मिळेल, हे तुम्ही धरून चालला आहात, आणि दहा लाख त्या गृहीतकावर लावू नयेत असं मला वाटतं.

महाराष्ट्रात अभ्यासक्रमावर सगळ्यात मूलभूत काम ज्यांनी केलं त्या ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ. कोसबाडच्या टेकडीवर आदिवासी मुलांसाठी त्यांनी पानं, बिया, शंख-शिंपल्यांतून शिक्षण उभं केलं. अनुताईंनी नोकरी करता करता रात्रशाळेतून मॅट्रिक केलं आणि बी.ए. तर त्याहून कितीतरी उशिरा, कोसबाडचं काम उभं राहिल्यावर. कोल्हापुरात लीलाताई पाटील यांनी 1985 मध्ये सृजन आनंद विद्यालय सुरू केलं ते सरकारी सेवेतली कारकीर्द संपवून. तेव्हा ‘आता नाही तर कधीच नाही’ हे वाक्य जरा बाजूला ठेवा. सदतीस हे शिक्षकासाठी उशिराचं वय नाही. ही घाई तुमच्या मनात कुणी पेरली, तुम्ही स्वतः की त्या सल्लागाराने, हेही एकदा तपासा.

दुसरं गृहीतक त्या कोऑर्डिनेटरच्या जागेचं. बहुतेक शाळांत कोऑर्डिनेटरचा दिवस कसा जातो हे तुम्ही अकरा वर्षं पाहिलं आहे. सकाळी कोण रजेवर ते बघून प्रॉक्सी लावायची, प्रश्नपत्रिका वेळेत गोळा करायच्या, वह्यांची तपासणी, पालकांच्या तक्रारी, आणि सगळ्या तुकड्या एकाच धड्यावर आहेत ना याची खातरजमा. म्हणजे ज्या खुर्चीतून तुम्हाला समज मिळाली, त्याच खुर्चीत तुम्ही बसाल. तुमच्या शाळेत हे वेगळं असू शकेल, पण ते विचारून घ्यायला हवं. मुख्याध्यापिकांना भेटा आणि स्पष्ट विचारा: या जागेवरच्या व्यक्तीला वार्षिक नियोजन बदलता येईल का? वर्गावरचे तास किती राहतील? पगार नेमका किती वाढेल? आणि ‘मास्टर्स’ म्हणजे कोणती? एम.ए. शिक्षणशास्त्र चालेल का, एम.एस्सी. चालेल का? उत्तरं ई-मेलवर मिळाली तर उत्तम. ‘विचार करू’ या दोन शब्दांवर कर्ज काढायचं नसतं.

आता त्या अमेरिकन पदवीकडे येऊ. ती वाईट आहे असं मी म्हणणार नाही. तिकडच्या चांगल्या विद्यापीठांत या विषयात आपल्याच वर्गावर छोटं संशोधन करायला लावतात, ग्रंथालय ऑनलाइन खुलं होतं आणि इतर शिक्षकांच्या कामावर बारकाईने चर्चा होते. पण ती पदवी तिकडे एवढी का चालते तेही समजून घ्या. अमेरिकेतल्या अनेक सरकारी शालेय जिल्ह्यांत शिक्षकांचा पगार एका तक्त्यावर ठरतो, एका बाजूला सेवेची वर्षं आणि दुसऱ्या बाजूला शिक्षण. मास्टर्स झाली की पगार वरच्या रकान्यात सरकतो, म्हणून तिथले शिक्षक नोकरी सांभाळून ती करतात. तुमच्या शाळेत तसा तक्ता नाही. शिवाय तिकडेच झालेल्या बऱ्याच अभ्यासांत असं दिसलं आहे की शिक्षकाकडे नुसती मास्टर्स असल्याने मुलांच्या शिकण्यात ठळक फरक पडतोच असं नाही. गणितासारख्या विषयात त्याच विषयाची मास्टर्स असेल तर काही अभ्यासांत फायदा आढळला आहे. विज्ञानाच्या शिक्षिकेने हे लक्षात घ्यावं.

‘आठवड्याला चार-पाच तास’ हे तर हिशेबात बसतच नाही. अमेरिकेत एका क्रेडिटसाठी, म्हणजे अभ्यास मोजायच्या एककासाठी, साधारण पंधरा आठवडे, दर आठवड्याला एक तास शिकवणं आणि दोन तास स्वतःचा अभ्यास असं माप धरतात, म्हणजे सुमारे 45 तास. अशी मास्टर्स साधारण 30 ते 36 क्रेडिटची असते. तीसच धरले तरी 1350 तास, आणि दीड वर्षात ते बसवायचे तर आठवड्याला सतरा तास. सुट्ट्या, आजारपण, लग्नकार्य, दिवाळी सगळं धरून. ऑनलाइन म्हटलं की जायचा-यायचा वेळ वाचतो, अभ्यासाचा वाचत नाही. थेट वर्ग असतील तर तिकडची संध्याकाळ म्हणजे आपली पहाट. शिकागोत सात वाजता तास सुरू झाला तर नाशिकमध्ये उन्हाळ्यात साडेपाच, हिवाळ्यात साडेसहा वाजलेले असतात. त्या वेळी तुमच्या घरी डबे आणि स्कूल बसची धावपळ असते, असं तुम्हीच लिहिलं आहे.

आणि मान्यता. परदेशी ऑनलाइन पदवी इथे समकक्ष धरली जाईलच असं समजू नका. पैसे भरण्याआधी विद्यापीठ अनुदान आयोगाचे परदेशी पदव्यांबाबतचे चालू नियम वाचा आणि तुम्ही निवडलेल्या पदवीबद्दल आयोगाकडेच लेखी विचारणा करा. सल्लागाराचं तोंडी ‘चालतं हो मॅडम’ ग्राह्य धरू नका. त्या पदवीच्या नावात ‘एम.एड.’ असेल तर आणखी सावध राहा. आपल्याकडे एम.एड. हा राष्ट्रीय अध्यापक शिक्षण परिषदेच्या मान्यतेने चालणारा अभ्यासक्रम आहे. तो वेगळा, हा वेगळा. परदेशात जाऊन शिकवायचा विचार मनात असेल, तर तिकडचा शिकवण्याचा परवाना या पदवीतून मिळतो का हेही विचारा. अनेक ठिकाणी ही पदवी आधीच परवाना असलेल्या शिक्षकांसाठी आखलेली असते.

पैशाच्या बाबतीत मिस्टरांचं बरोबर आहे. महिन्याला चार हजार वाढले असं धरलं तरी वर्षाला 48 हजार होतात. दहा लाखांची मुद्दल फिटायला जवळपास एकवीस वर्षं, व्याज वेगळं. तोवर तुमच्या निवृत्तीची वेळ येईल. म्हणून कर्ज काढून ही पदवी करू नका, असं मी स्पष्ट सांगते. पण त्यातून ‘शिकूच नको’ असा निष्कर्ष मिस्टर काढत असतील, तर तो मला मान्य नाही. सासूबाईंच्या बाजूने माझं मत धरा.

तुमच्याच गावात, गोवर्धनला, गंगापूर धरणाच्या वाटेवर यशवंतराव चव्हाण महाराष्ट्र मुक्त विद्यापीठ आहे. 1989 पासून महाराष्ट्रातल्या नोकरदार, गृहिणी, शेतकरी अशा लाखो लोकांना त्याने मराठीतून शिकवलं. शिक्षणशास्त्रातली एम.ए. तिथे आणि इग्नूमध्ये (इंदिरा गांधी राष्ट्रीय मुक्त विद्यापीठात), दोन्हीकडे मुक्त पद्धतीने करता येते. इग्नूच्या एम.ए.मध्ये शिक्षणाचं तत्त्वज्ञान, मुलाचं शिकणं आणि वाढ, शिक्षणाचा सामाजिक संदर्भ, संशोधन पद्धती असे विषय असतात, एक छोटं संशोधन करावं लागतं आणि शैक्षणिक तंत्रज्ञान किंवा शैक्षणिक व्यवस्थापन यांसारखं एखादं क्षेत्र निवडता येतं. ‘करिक्युलम अँड इन्स्ट्रक्शन’ असं नाव पदवीवर येणार नाही, पण तुमचं संशोधन तुम्ही त्याच विषयावर करू शकता. खर्च लाखांत नाही, हजारांत आहे. इग्नू दोन वर्षांची मास्टर्स चार वर्षांपर्यंत पुरी करू देतं, आणि तुमच्यासाठी ही फार मोठी सोय आहे. येत्या जुलैत प्रवेश घेतलात तर मुलाची नववी आणि दहावी मध्ये येते. पहिल्या वर्षाचे विषय नववीत उरका, दहावीच्या वर्षी एकदोनच पेपर द्या, उरलेलं नंतर. परीक्षा जून आणि डिसेंबरमध्ये असतात, त्यामुळे त्याच्या बोर्डाशी थेट गाठ पडत नाही.

ऑनलाइन किंवा मुक्त पद्धतीची पदवी कमी दर्जाची धरतील का, ही भीती अनेक वाचक शिक्षकांना असते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या 2020 च्या नियमांनुसार मान्यताप्राप्त संस्थेची अशी पदवी नियमित पदवीच्या बरोबरीची आहे आणि सप्टेंबर 2022 मध्ये आयोगाने ते पुन्हा स्पष्ट केलं. अट एकच: तो विशिष्ट अभ्यासक्रम, त्या विशिष्ट वर्षासाठी, आयोगाच्या दूरशिक्षण विभागाच्या यादीत हवा. विद्यापीठाचं नाव मोठं आहे म्हणून पुढे जाऊ नका, यादी स्वतः उघडून बघा. फी विद्यापीठाच्या संकेतस्थळावर भरा, एजंटच्या खात्यावर कधीच नाही.

एम.एड. मात्र वेगळं प्रकरण आहे. अध्यापक शिक्षण परिषदेच्या 2014 च्या नियमावलीत दूरशिक्षणाने बी.एड. आणि डी.एल.एड. आहे, एम.एड. नाही. कुणी ‘घरबसल्या एम.एड.’ विकत असेल तर चार हात दूर राहा. उद्या बी.एड. कॉलेजात शिकवायची इच्छा झाली तर जाहिरातीतली पात्रता ओळ न ओळ वाचा. त्याच नियमावलीप्रमाणे काही जागांना एम.एड. लागतं, तर शिक्षणाच्या मूलतत्त्वांचे विषय शिकवायला 55 टक्क्यांसह एम.ए. शिक्षणशास्त्र आणि बी.एड. असंही चालू शकतं.

एक गोष्ट पत्रात नाही आणि ती मला खटकली. तुमची टीईटी किंवा सीटीईटी, म्हणजे राज्याची किंवा केंद्राची शिक्षक पात्रता परीक्षा, झाली आहे का? पहिली ते आठवीला शिकवणाऱ्यांसाठी ती पात्रता आहे, आणि 1 सप्टेंबर 2025 च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने पाच वर्षांहून अधिक सेवा उरलेल्या जुन्या शिक्षकांनाही ती दोन वर्षांत उत्तीर्ण व्हायला सांगितलं. झाली नसेल तर एम.ए.च्या आधी ती. अभ्यासाचे तास मोजकेच आहेत, ते आधी नोकरी टिकवणाऱ्या परीक्षेला द्या.

जिल्हा परिषदेच्या किंवा अनुदानित शाळेतल्या वाचकांसाठी थोडं: प्रवेश घेण्याआधी संस्थेची किंवा विभागाची लेखी परवानगी घ्या आणि पदवी मिळाल्यावर सेवापुस्तकात नोंद करून घ्या. बारा वर्षांनंतरची वरिष्ठ आणि चोवीस वर्षांनंतरची निवड वेतनश्रेणी डोळ्यांसमोर असेल, तर तुमच्या संवर्गाला कोणती अर्हता आणि कोणतं प्रशिक्षण लागतं ते आधी शिक्षणाधिकारी कार्यालयात विचारा, मग पदवी निवडा. उलट क्रमाने करणारे पुष्कळ जण नंतर हळहळतात.

प्रवेशाला अजून अवकाश असेल, तर या मधल्या काळात काय कराल ते सांगते. तुम्ही सहावी ते आठवी शिकवता, म्हणजे नव्या रचनेतला ‘मिडल स्टेज’. शालेय शिक्षणाचा राष्ट्रीय अभ्यासक्रम आराखडा 2023 मध्ये आला, त्यावर आधारित सहावीची नवी पुस्तकं 2024 मध्ये आणि सातवी-आठवीची 2025 मध्ये. तो आराखडा फुकट उतरवून घेता येतो. त्यातला मिडल स्टेजच्या विज्ञानाचा भाग वाचा. तिथे धड्यांची यादी नाही, उद्दिष्टं आणि क्षमता आहेत. तुमचा पाण्याचा धडा त्यातल्या कोणत्या क्षमतेकडे नेतो ते शोधा आणि मग टायलरचा चौथा प्रश्न घ्या: ती क्षमता आली हे वर्कशीटशिवाय कसं कळेल? सहा आठवडे, रोज दीड तास, ठरलेल्या वेळी बसा. सोबत केंद्र सरकारच्या स्वयंम पोर्टलवरचा शिक्षणशास्त्राचा एखादा कोर्स घ्या, शिकायला पैसे लागत नाहीत, फक्त प्रमाणपत्राच्या परीक्षेला शुल्क आहे. या सहा आठवड्यांत बैठक टिकली तर एम.ए. झेपेल. नाही टिकली तर का नाही ते घरात बोलायला लागेल, आणि ते बोलणं पैशापेक्षा वेळेबद्दल व्हावं. सकाळचे डबे कोण करणार, रविवारचे चार तास तुमचे असतील का, परीक्षेच्या आठवड्यात मुलाचा अभ्यास कोण घेणार. मिस्टरांना दहा लाखांवर ‘नको’ म्हणणं सोपं होतं. या प्रश्नांवर त्यांना हो किंवा नाही, काहीतरी ठरवावं लागेल.

आणि शाळेत एक मागणी करा. पुढच्या वर्षी फक्त एका तुकडीत, फक्त एक घटक तुमच्या क्रमाने घेऊ द्या. वार्षिक परीक्षेचा पोर्शन तोच राहील, शेवटी मुलांनी काय शिकलं याची दोन पानी नोंद तुम्ही द्याल. सीबीएसईला शिक्षकांची वर्षाला 50 तासांची प्रशिक्षणं हवीच असतात. त्यातला शाळेअंतर्गत भाग म्हणून हा अनुभव सहकाऱ्यांसमोर मांडायची तयारी दाखवा, म्हणजे मुख्याध्यापिकांनाही ‘हो’ म्हणायला कारण मिळेल. परवानगी मिळाली तर एम.ए.च्या संशोधनाचा विषय तुमच्या हातात आला. मिळाली नाही तर त्या कोऑर्डिनेटरच्या जागेवर किती मोकळीक असेल याचं उत्तर पदवीवर एक रुपया खर्च न करता मिळालं, आणि मग कुठली शाळा आपल्याला मानवेल याचा शोध सुरू करा. नाशिकमध्येच आनंद निकेतनसारखी प्रयोगशील मराठी शाळा आहे. परवानगी काढून एक दिवस तिथे जाऊन बसा, वर्ग बघा, शिक्षकांशी बोला.

सल्लागाराला या आठवड्यातच ‘सध्या विचार नाही’ असं कळवून टाका. जागा राखून ठेवायला थोडी रक्कम भरा असं ते म्हणतील. ती भरू नका.